इक्विपमेंटला एस नसतो

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ६:१०, केडगाव, कंपनीच्या बसची वाट बघत.

आजपासून रोजनिशी. रोज लिहिलं की मन शांत राहतं असं मोबाईलवर वाचलं. माझं मन शांतच आहे, पण लोकांना तसं वाटत नाही, म्हणून पुरावा असावा.

शनिवारचा प्रकार असा. पुण्याच्या मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग होती. मी डिस्पॅचचा सुपरवायझर, सुप्याच्या ह्याच कंपनीत एकोणीस वर्षं, त्यामुळे पहिला मीच उभा राहिलो आणि इंग्लिशमध्ये बोललो. "सर, ऑल इक्विपमेंट्स अँड फर्निचर्स आर इन गुड कंडिशन्स." वाक्य चांगलं गेलं. शेजारी क्वालिटीचा कल्याण बसला होता. सोनईचा पोरगा, अठ्ठावीस वर्षांचा, डिप्लोमावाला. तो हळूच म्हणाला, "दादा, इक्विपमेंटला एस लागत नाही." हळूच म्हणाला, पण माईक चालू होता. मोठे साहेब हसले. ते हसले म्हणून बाकीचे चौदा जण हसले.

मीटिंगनंतर पॅसेजमध्ये मी कल्याणला समजावून सांगितलं. समजावताना त्याची कॉलर माझ्या हातात होती. दोन बटणं तुटली. शर्ट जुना असावा.

एचआरचे प्रशांत साहेब म्हणाले, "रंगनाथराव, हे तिसरं." तिसरं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली आहे. माल आता जर्मनीला जाणार, म्हणून मुलाखत इंग्लिशमध्ये, २५ एप्रिलला. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर मुलाखतीचं विसरा. जागा माझीच आहे. फक्त इंग्लिश आडवं येतंय.

संकल्प. एक : पन्नास दिवसांत इंग्लिश. दोन : कोणावर हात उचलायचा नाही. दुसरा सोपा आहे, कारण मी मुळात उचलतच नाही.

बस आली.

६ मार्च, गुरुवार. रात्री जेवणाआधी.

क्लास लावला. माळीवाड्यात, मेडिकलच्या वर. संध्याकाळी सात ते आठ. शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडम, वय तिशीच्या आत, आवाज बारीक. आम्ही सोळा जण. चौदा पोरंपोरी माझ्या प्रज्ञाच्या वयाची, एक मी, आणि एक श्रीमंत नावाचा इसम. हा शिर्डीच्या एका ट्रॅव्हल्सवर सामान चढवतो-उतरवतो. दंड माझ्या मांडीएवढे.

मी मॅडमना म्हणालो, मला सगळं नको, एस कुठे लावायचा तेवढं शिकवा. मॅडम म्हणाल्या, मोजता येतं ते काउंटेबल, त्याला एस. मोजता येत नाही ते अनकाउंटेबल, त्याला एस नाही. इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, इक्विपमेंट, लगेज, हे सगळे अनकाउंटेबल. म्हणजे कल्याण बरोबर होता. पण बरोबर असणं वेगळं आणि माईकसमोर बरोबर असणं वेगळं.

मी विचारलं, फर्निचर का मोजता येत नाही. माझ्या घरात चार खुर्च्या, एक कॉट, एक कपाट, एक टीपॉय, झाले सात. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खुर्च्या मोजल्यात. फर्निचर नाही मोजलं." हे मला पटलं नाही. बाक थोडा जोरात वाजला. पुढच्या दोन मुली मागे जाऊन बसल्या. तिथून फळा चांगला दिसतो.

८ मार्च, शनिवार

घरात इंग्लिश वातावरण करायचं ठरवलं. दुपारी जेवताना शुभांगीने विचारलं, किती पोळ्या वाढू. मी तिला सांगितलं, किती नाही, 'हाउ मच' विचार, ब्रेड अनकाउंटेबल आहे. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, पोळी काउंटेबल आहे. एक चपाती, दोन चपातीज." एफवाय बीकॉमला आहे, पण बोलते प्रोफेसरसारखी. माझी आई हसली. दात नसलेलं हसणं मोठं दिसतं.

ताट भिंतीपर्यंत गेलं. भाजी वांग्याची होती, डाग राहणार. संकल्प दोनमध्ये ताट येत नाही. हात माणसावर उचलायचा नाही, असा आहे तो.

नंतर कोणी बोललं नाही, त्यामुळे अभ्यास छान झाला. मच अनकाउंटेबलला, मेनी काउंटेबलला. थोडंसं म्हणायचं तर अनकाउंटेबलला 'अ लिटल', काउंटेबलला 'अ फ्यू'. पाठ.

११ मार्च, मंगळवार. सकाळी, ओठ सुजलेला.

काल क्लासमध्ये लगेजवरून चर्चा झाली. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, लगेजला एस नाही. श्रीमंत उठून म्हणाला, "मॅडम, मी रोज चाळीस लगेज चढवतो. मोजूनच चढवतो. मोजल्याबिगर डायवर गाडी हलवत न्हाई. आन तुमी म्हनता मोजता येत न्हाई." पोरं हसली. मला वाटलं, मॅडमना मदत करावी. मी म्हणालो, तू मोजतोस ते नग. लगेज नाही. तो म्हणाला, "मंग तुमी या चढवायला." मी म्हणालो, तुझ्यासारख्याचा मेंदूही अनकाउंटेबल, कारण मोजायला सापडतच नाही.

हा विनोद होता. मॅडमसुद्धा हसतील असं वाटलं होतं.

क्लास सुटल्यावर जिन्यात तो थांबला होता. पुढचं नीट आठवत नाही. मी त्याच्या पोटात डोकं घातलं हे आठवतं, कारण पोट दगडासारखं होतं. मग आम्ही दोघं अकरा पायऱ्या खाली गेलो. पायऱ्या काउंटेबल. मेडिकलवाल्याच्या काउंटरची कडा माझ्या तोंडाला लागली, की तोंड कडेला, ते महत्त्वाचं नाही. श्रीमंतची भुवई फाटली. मेडिकलवाल्याने दोघांनाही कापूस दिला आणि बाहेर काढलं.

पुढचा एक दात गेला. इंग्लिशमध्ये एक असेल तर टूथ, जास्त असतील तर टीथ. एस नाही, तरी काउंटेबल. जिभेने मोजून पाहिले.

सुरुवात त्याने केली. संकल्प अबाधित.

१३ मार्च, गुरुवार

आज श्रीमंत क्लासला भुवईला चार टाके घालून आला. सरळ माझ्या बाकापाशी आला. मी तयारीत होतो, डबा हातात धरला होता. तो म्हणाला, "चुकलं माझं. दात दुखतोय का?" एवढंच. मग जाऊन त्याच्या जागेवर बसला.

मला हसू आलं. माफी मागायची अशी पद्धत असते का? ना तयारी, ना भाषा. माणूस मागासलेला आहे. मी डबा बाकाखाली ठेवला. मॅडम माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. माझी प्रगती त्यांच्या लक्षात आली असावी.

२१ मार्च, शुक्रवार

जर्मनीचे पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार. प्रशांत साहेबांनी सगळ्या खात्यांना इंग्लिशमध्ये सूचना लावायला सांगितल्या. माझ्यासाठी सुवर्णसंधी. जेवणाची सुट्टी बुडवून पांढऱ्या बोर्डावर स्वतःच्या हाताने लिहिलं : कीप ऑल मशिनरीज क्लीन. पुट स्क्रॅप्स इन बिन. फॉर मोअर इन्फॉर्मेशन्स मीट रंगनाथ.

इन्फॉर्मेशनला एस नसतो हे मला माहीत आहे. पण माझ्याकडे बऱ्याच प्रकारच्या आहेत.

बोर्ड लांबून फार उठून दिसतो.

२५ मार्च, मंगळवार. दुपारी १:१५, टाइम ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर.

शांतपणे लिहितो.

सकाळी आलो तर बोर्डावर लाल पेनने तीन एस खोडलेले. सगळी डिस्पॅचची पोरं बोर्डाखाली उभी. मला बघून पांगली. लाल पेन क्वालिटीत वापरतात. कल्याण क्वालिटीत आहे. यात शोधण्यासारखं काही उरत नाही.

मी त्याच्या टेबलाशी गेलो. तो पार्ट मोजत होता. मी विचारलं, लाल पेन कुठे आहे. त्याने खिशातून काढून दिलं. म्हणाला, "काय झालं, दादा?" मला दादा म्हणाला. हे मुद्दाम.

मग त्याला एक चापट बसली.

खरं तर मी तिथेच थांबणार होतो, पण त्याने हात वर केला. आता तो म्हणतो की तोंड झाकायला केला. ते मला कसं कळणार. स्टूल शेजारीच होतं. स्टूल त्याला लागलंच नाही, तपासणीच्या केबिनच्या काचेला लागलं. तो रॅकवर पडला आणि रॅकमधले पार्ट त्याच्यावर पडले. खाली पडल्यावर पायही लागला असेल, जागा अरुंद आहे. चार जणांनी मला धरलं. त्यातल्या एकाचं बोट मुरगळलं. पुन्हा सांगतो, धरायची गरज नव्हती.

कल्याणच्या डाव्या कानातून थोडं रक्त आलं. थोडं, म्हणजे अ लिटल.

एक गोष्ट नंतर कळली. एस प्रशांत साहेबांनी खोडले होते. पाहुणे येणार म्हणून सकाळी सगळे बोर्ड त्यांनीच तपासले. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "कल्याण मला म्हणत होता, साहेब, खोडू नका, मी दादांना बाजूला घेऊन सांगतो, ते स्वतःच नीट करतील."

यावरून दिसतं की कल्याणला बोर्डाबद्दल माहिती होती. पूर्ण निर्दोष तो नाहीच.

२६ मार्च, बुधवार

सस्पेंड. गेटवर ओळखपत्र काढून घेतलं. मी घरी सांगितलं की पाहुण्यांच्या भेटीआधी सिनियर लोकांना विश्रांती देतात. आई म्हणाली, "कुनाला मारलंस?"

मी म्हणालो एक चापट. आई म्हणाली, "तुझा बाप बी येकच म्हनायचा. लई येळा येकच."

वडील देवमाणूस होते. आईला आता आठवत नाही.

२९ मार्च, शनिवार

कारणे दाखवा नोटीस आली. दोन भाषांत. आरोप असे : सहकाऱ्यास चार वेळा तोंडावर व कानावर मारणे, स्टूल फेकणे, खाली पडल्यावर लाथ मारणे. सोबत डॉक्टरांचा कागद. डाव्या कानाच्या पडद्याला भोक. ऐकू येणं कमी झालं आहे, पुढे किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही.

चार हा आकडा कुठून आला, कळत नाही. मी एकच मोजली.

उत्तर मराठीत दिलं तरी चालेल असं नोटिशीत लिहिलंय. मी इंग्लिशमध्येच देणार. एका दगडात... नको, साधं लिहितो. उत्तर वाचून साहेबांना कळेल की असिस्टंट मॅनेजर आधीच तयार झालेला आहे.

३१ मार्च, सोमवार

पाडव्याचा कालचा दिवस पूर्ण लिखाणात. गुढी शुभांगीने उभी केली. मसुदा घेऊन आज क्लासच्या आधी मॅडमकडे गेलो. "आय थ्रू वन फर्निचर" हे वाक्य त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, वन फर्निचर होत नाही, अ पीस ऑफ फर्निचर. मी म्हणालो, पीस लिहिलं तर स्टुलाचे तुकडे झाले असं वाटेल. तुकडे काचेचे झाले, स्टूल शाबूत आहे.

मॅडमनी वर बघितलं. "हे खरं आहे? कोणाला मारलं तुम्ही?"

मी म्हणालो, विषय व्याकरणाचा आहे. मला एक शब्द पाहिजे. मारणं असा अर्थ निघावा, पण किती वेळा ते लिहावं लागू नये. अनकाउंटेबल शब्द.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "व्हायोलन्स."

मी त्यांच्यासमोरच लिहिलं : देअर वॉज अ लिटल व्हायोलन्स. वाक्य अगदी बरोबर आहे, एकही चूक नाही. मी त्यांना विचारलं सुद्धा. त्या म्हणाल्या, "व्याकरण बरोबर आहे." मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, उद्यापासून क्लासला येऊ नका. मुली घाबरतात.

पोरींना कशाची भीती, हे विचारायचं राहिलं. श्रीमंत दाराशी उभा होता. त्याने मला वाट दिली, पण पूर्ण नाही. जाताना खांदा घासावा लागला. खांदा माझाच जास्त दुखला.

असो. शिकायचं होतं ते शिकून झालं होतं.

३ एप्रिल, गुरुवार

उत्तर द्यायला सुप्याला गेलो. गेटवरच्या वॉचमनने आत सोडलं नाही. एकोणीस वर्षं माझ्याकडून तंबाखू घेतली आणि आज म्हणतो, कागद इथंच द्या. त्याची टोपी खाली पडली. त्याच्या मुस्काटात चापट बसणार होती, पण मी ती गेटच्या पत्र्याला दिली. याला म्हणतात संयम. बोटं सुजली आहेत, अक्षर त्यामुळे असं.

संध्याकाळी प्रशांत साहेबांचा फोन. उत्तर वाचलं म्हणाले. भाषेबद्दल काही बोलतील म्हणून मी थांबलो. ते म्हणाले, "रंगनाथराव, अ लिटल नको. कितीदा मारलं ते लिहा. चौकशी होणार आहे."

८ एप्रिल, मंगळवार

नवी योजना. कल्याणने तक्रार मागे घेतली की चौकशीच उरत नाही. म्हणून माफीनामा. इंग्लिशमध्ये, चौदा ओळी, पाठ. आरशासमोर सहा वेळा म्हटला. दात गेल्यामुळे 'स' मध्ये हवा जाते, तेवढं सोडून उच्चार साहेबी.

१० एप्रिल, गुरुवार. दुपारी ४, सुपा स्टँड, परतीच्या गाडीची वाट बघत.

कल्याण सुप्यात दोन खोल्यांत राहतो. दार त्याच्या बायकोने उघडलं. नाव सत्यशीला. मला तिने ओळखलं. म्हणाली, "भाऊ, तिथंच थांबा. आत येऊ नका." हातात पोळपाट होता. तो तिने खाली ठेवला नाही.

कल्याण आत खुर्चीवर बसला होता, दाराकडे डावी बाजू. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सुरुवात केली. "डिअर कल्याण, प्लीज ॲक्सेप्ट माय सिन्सिअर अपॉलॉजीज." अपॉलॉजी काउंटेबल आहे, माफी मागताना एस लावतात, हे मी मुद्दाम शोधून ठेवलं होतं. चौदाही ओळी म्हटल्या. कुठेही अडलो नाही. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं इंग्लिश.

कल्याण सत्यशीलाकडे बघत होता. मग त्याने खुर्ची फिरवली, उजवी बाजू माझ्याकडे केली आणि म्हणाला, "दादा, त्या बाजूनं मला ऐकू येत नाही. काय म्हणालात?"

चौदा ओळी वाया.

पुन्हा म्हणावं तर पहिली ओळ आठवेना. मराठीत सांगावं म्हटलं. मराठीत काय सांगायचं, ते ठरवलं नव्हतं. शेवटी कागदच द्यावा म्हणून हात पुढे केला. कल्याणने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खुर्चीसकट मागे सरकला. खुर्ची उलटली. मी त्याच्यापासून आठ फुटांवर होतो. हातात कागद होता. सत्यशीलाने पोळपाट वर केला आणि शेजारची दोन माणसं धावत आली. त्यांनी मला गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत आणलं. एकाने पाठीत दोन बुक्क्या घातल्या. मी उलट हात उचलला नाही. हे कोणी बघितलं का, माहीत नाही.

पोरगा नाटक छान करतो. आठ फुटांवरून कोण मारतं.

कागद खिशातच राहिला.

ता. क. : डोक्यात सारखं तेच येतंय, खुर्ची उलटताना त्याने डोळे घट्ट मिटले होते. साक्षीत उपयोग नसलेल्या गोष्टी लिहू नयेत.

२० एप्रिल, रविवार

चौकशी २४ तारखेला, मुलाखत २५ ला. जुळणी उत्तम. निर्दोष सुटायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच इस्त्रीच्या शर्टात मुलाखत.

साक्षीदारांचा विचार केला. डिस्पॅचमधली पोरं माझीच आहेत. दोघांना मी कामाला लावलं. एकाचं लग्न मी जमवलं. माझ्या बाजूने आठ तरी येतील. कल्याणच्या बाजूने क्वालिटीचे दोन. मोजून ठेवलंय.

शुभांगी म्हणाली, "एकदा मराठीत खरं सांगून टाका ना." मी तिला म्हणालो, तुला कायद्यातलं कळत नाही. आवाज थोडा वर गेला. शेजाऱ्यांनी खिडकी लावली. गरमी वाढलीय, कूलर लावला असेल त्यांनी.

२४ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ६.

चौकशी अधिकारी बाहेरून आलेले वकील. पांढरे केस, शांत माणूस. मी दोन पानांचं इंग्लिश निवेदन घेऊन गेलो होतो.

साक्षीदार अकरा आले. सगळे त्यांच्या बाजूने. डिस्पॅचची आठ पोरं होती. ज्याचं लग्न मी जमवलं तोही होता. बाहेरच्या बाकावर जागा पुरेना, तीन जण उभे होते. मी आत जाताना उभे असलेले भिंतीला चिकटले.

पहिल्याने २५ मार्चचं सांगितलं. बाकीच्यांनी तेही सांगितलं आणि वरून आपापलं. एकाने वाकडं मनगट दाखवलं. मला वाटत होतं ते त्याला लहानपणापासून तसं आहे. एकाने सांगितलं, तीन वर्षांपूर्वी ट्रॉली अंगावर ढकलली. दिवाळीच्या आधीची एक चापट, पावसाळ्यातली एक, कोविडच्या काळात मास्कवरून एक. मला त्यातल्या दोनच आठवत होत्या, आणि त्या मी समजूत घालणं म्हणून धरल्या होत्या. वकील सगळं लिहून घेत होते. घाई करत नव्हते.

शेवटी कल्याण आला. उजवा कान पुढे करून बसला. वकिलांनी विचारलं, यांनी तुम्हाला कितीदा मारलं. तो म्हणाला, "साहेब, दोनपर्यंत मोजता आलं. नंतरचं इतरांनी सांगितलंय."

मग माझी वेळ. मी उभा राहिलो, निवेदन काढलं. वकील म्हणाले, "ते ठेवून जा, मी वाचतो. मला फक्त आकडा सांगा. किती?"

मी म्हणणार होतो देअर वॉज. समोर कल्याण, मान तिरकी करून, माझं उत्तर ऐकू यावं म्हणून थोडा पुढे वाकलेला. त्याला भीती वाटत होती आणि तरी तो पुढे वाकला होता.

मी म्हणालो, चार.

वकील म्हणाले, "आणि लाथ?"

एक, म्हणालो.

लिहून झालं. सही केली. सही इंग्लिशमध्ये केली.

२५ एप्रिल, शुक्रवार

मुलाखतीला बोलावलं नाही. शर्ट घडी करून ठेवला.

२ मे, शुक्रवार. दुपारी ४:२०.

सकाळी रजिस्टर पत्र आलं. कामावरून काढलं. पत्र मराठीत आहे, एक पान. पोस्टमनसमोर वाचलं, त्याला धन्यवाद म्हणालो आणि तसाच बाहेर पडलो. केडगावच्या बायपासपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. वाटेत एका रिक्षावाल्याने घासून गाडी नेली. मी काही केलं नाही. करावंसं वाटलं, पण हात जड झाला होता.

घरात सांगायचं ठरवून आलो. सगळ्यांना पुढच्या खोलीत बसा म्हणालो. शुभांगी, प्रज्ञा, आई. चहा झालेला होता. मी पत्र खिशातून काढलं. अजून एक शब्दही बोललो नव्हतो.

शुभांगी उठली. माझ्यासमोरचा कप उचलून आत नेला. आईने टीपॉयवरचा काचेचा ग्लास पदराखाली घेतला. प्रज्ञाने टीव्हीचा रिमोट, स्टीलचा तांब्या आणि भिंतीवरचा फोटो, असं एकापाठोपाठ एक उचललं आणि कपाटावर ठेवलं. फोटोचा खिळा कुठे आहे हे तिला न बघता माहीत होतं. कोणी कोणाला सांगितलं नाही. कोणी घाईही केली नाही. मग तिघी येऊन बसल्या. आई दाराजवळ, प्रज्ञा तिच्या शेजारी, शुभांगी माझ्या आणि त्यांच्या मध्ये.

मी विचारलं, हे काय.

प्रज्ञा म्हणाली, "काही नाही बाबा. तुम्ही सांगा."

मी विचारलं, असं कधीपासून करता.

आई म्हणाली, "ही तिसरीत हुती तवापासून."

मी काही फेकणार नव्हतो. तसं त्यांना सांगितलं. शुभांगीने मान हलवली. उठून कप मात्र परत आणला नाही.

पत्र वाचून दाखवलं. आवाज बरोबर राहिला. कोणी रडलं नाही. शुभांगीने फक्त विचारलं, त्या मुलाचा कान कसा आहे. मला माहीत नव्हतं.

माझ्या आसपास हात पोचेल तिथे काहीच नव्हतं. थोड्या वेळाने लिहावंसं वाटलं, म्हणून प्रज्ञाकडे पेन मागितलं.

तिने आधी शुभांगीकडे बघितलं. मग दिलं.